औषधाची मात्रा जाणणारा हकीम

(औषध कोणते द्यावे, किती द्यावे, कोणत्या स्वरूपात द्यावे आणि कोणाला द्यावे, याचा बारकाईने विचार करणारे हकीम इब्न सीना यांची ओळख या पाठात करून दिली आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांनी घालून दिलेले नियम आजही आपल्याला उपयोगी पडतात. ते नियम मोडले तर काय होते, हेही त्यांच्याच जीवनाच्या अखेरीस दिसून येते.)

विद्यार्थी मित्रांनो, मराठी शिकताना मात्रा हा शब्द तुम्ही पहिल्यांदा बाराखडीत ऐकला असेल. ‘बल’ या शब्दातील ‘ब’वर एक मात्रा दिली की ‘बेल’ हे झाड होते. दोन मात्रा दिल्या की त्याच झाडाचा ‘बैल’ होतो! एका मात्रेने एवढा फरक पडतो.

मराठीत मात्रा या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. मात्रा म्हणजे औषधाचे ठरवून दिलेले प्रमाण. उर्दूत तुम्ही त्याला खुराक म्हणता. लिहिताना मात्रा चुकली तर शिक्षक लाल शाईने खूण करतात आणि चूक सुधारता येते. औषधाची मात्रा चुकली तर मात्र ती चूक नेहमीच सुधारता येते असे नाही. ही गोष्ट ज्यांनी जगाला शिकवली, त्यांपैकी एका थोर हकिमाची ही कथा आहे. त्यांचे नाव अबू अली हुसेन इब्न अब्दुल्ला इब्न सीना. तुमच्या घरातील वडीलधारी माणसे त्यांना बू अली सीना या नावाने ओळखत असतील. युरोपातील लोक त्यांना आव्हिसेना म्हणतात.

इब्न सीना यांचा जन्म इ. स. ९८० मध्ये, म्हणजे हिजरी सन ३७० मध्ये, बुखारा शहराजवळील अफशाना या गावी झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तान या देशात आहे. त्या वेळी तेथे सामानी घराण्याचे राज्य होते. वडील अब्दुल्ला हे मूळचे बल्ख शहराचे. ते राज्याच्या कारभारात अधिकारी होते. आईचे नाव सितारा. पुढे हे कुटुंब बुखारा शहरात राहायला आले. तेथे लहानग्या हुसेनचे शिक्षण सुरू झाले.

हुसेनची स्मरणशक्ती विलक्षण होती. वयाच्या दहाव्या वर्षीच त्याने संपूर्ण कुरआन आणि साहित्याचा बराच भाग आत्मसात केला होता. वडिलांनी त्याला हिशोब शिकण्यासाठी कोणाकडे पाठवले असेल? एका भाजीविक्याकडे! त्या भाजीविक्याला हिंदी पद्धतीने हिशोब करता येत असे. हिंदी पद्धत म्हणजे आपल्या भारतातून तिकडे गेलेली शून्याची आणि अंकांची पद्धत. शिकवणारा माणूस कोण आहे यापेक्षा त्याला काय येते, हे त्या वडिलांनी पाहिले. पुढे औषधांची वजने आणि प्रमाणे ठरवताना हा हिशोब त्या मुलाला किती उपयोगी पडला असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

त्यानंतर नातिली नावाचे एक विद्वान त्यांच्या घरी राहायला आले. त्यांच्याकडे हुसेन तर्कशास्त्र आणि भूमिती शिकू लागला. भूमितीची पहिली पाच-सहा प्रमेये त्याने गुरूंकडून समजावून घेतली आणि उरलेला ग्रंथ स्वतःच सोडवला. रात्री दिवा लावून तो वाचीत बसे. एखादा प्रश्न सुटला नाही की मशिदीत जाऊन नमाज पढे आणि पुन्हा त्या प्रश्नाकडे वळे.

अशा मुलाला सगळेच सोपे गेले असेल, असे मात्र समजू नका. ॲरिस्टॉटल या ग्रीक विचारवंताचा एक ग्रंथ त्याने चाळीस वेळा वाचला. ग्रंथ तोंडपाठ झाला, पण अर्थ कळला नाही. शेवटी त्याने नाद सोडून दिला. एके दिवशी पुस्तकांच्या बाजारात एका विक्रेत्याने त्याच्यापुढे एक पुस्तक धरले. ते नको म्हणून तो पुढे जाऊ लागला. विकणाऱ्याला पैशांची गरज होती, म्हणून केवळ तीन दिरहमांना त्याने ते घेतले. ते अल-फाराबी यांचे पुस्तक होते आणि त्यात त्याच अवघड ग्रंथाचा हेतू समजावून सांगितला होता. घरी येऊन वाचताच सारा अर्थ उलगडला. दुसऱ्या दिवशी त्याने कृतज्ञतेने गरिबांना दानधर्म केला.

वैद्यक त्याला त्या मानाने सोपे वाटले. वयाच्या सोळाव्या वर्षी मोठमोठे हकीम त्याच्याजवळ बसून वैद्यकाचे ग्रंथ वाचू लागले. पण केवळ ग्रंथ वाचून कोणी हकीम होत नाही. हुसेन रोग्यांवर उपचार करू लागला. पुस्तकात न लिहिलेल्या कितीतरी गोष्टी रोगी त्याला शिकवून गेले.

याच सुमारास बुखाराचे राजे नूह इब्न मन्सूर आजारी पडले. दरबारातील हकिमांचे इलाज चालेनात. तेव्हा त्यांनीच या तरुणाला बोलावून घ्यावे असे राजांना सुचवले. इब्न सीना यांनी त्या हकिमांबरोबर राजांवर उपचार केले आणि राजांच्या सेवेत स्थान मिळवले. या तरुणाने राजांकडे काय मागितले? त्यांनी राजवाड्यातील ग्रंथालयात जाऊन वाचण्याची परवानगी मागितली. त्या ग्रंथालयात अनेक दालने होती. प्रत्येक दालनात एकेका विषयाचे ग्रंथ पेट्यांमध्ये रचून ठेवले होते. इब्न सीना यांनी ते सारे भांडार पालथे घातले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे अठरा वर्षांचे.

सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. इ. स. ९९९ मध्ये सामानी राज्य कोसळले. वडीलही वारले. इब्न सीना यांना बुखारा सोडावे लागले. गुरगंज, नसा, तूस, जुर्जान अशी गावे एकामागून एक मागे पडत गेली. कोठे आश्रय मिळे, कोठे मिळत नसे. जुर्जान येथे अबू उबैद जुझजानी नावाचा एक शिष्य त्यांना येऊन मिळाला. तो अखेरपर्यंत सावलीसारखा त्यांच्याबरोबर राहिला. गुरूंचे जीवनचरित्रही त्यानेच पूर्ण केले. आज इब्न सीना यांच्याविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातील बराच भाग त्याच्यामुळेच माहीत आहे.

जुर्जान येथेच इब्न सीना यांनी आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहायला घेतला. त्याचे नाव ‘अल-कानून फित्-तिब’, म्हणजे वैद्यकाचे नियम. त्याचे काही भाग रय या शहरात लिहिले गेले आणि हमदान येथे तो पूर्ण झाला. या ग्रंथाचे पाच खंड आहेत. पहिल्या खंडात वैद्यकाची मूळ तत्त्वे आहेत. दुसऱ्यात एकेकट्या औषधी द्रव्यांची माहिती आहे. तिसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे रोग आहेत. चौथ्यात ताप, हाड मोडणे, विषबाधा असे विषय आहेत. पाचव्या खंडात अनेक द्रव्ये एकत्र करून बनवलेली औषधे आहेत.

मित्रांनो, दुसऱ्या खंडातील एक भाग आपण जरा थांबून पाहू या. एखाद्या औषधाचा गुण खरा की खोटा, हे कसे ओळखावे? त्या काळी बहुतेक लोक ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवीत. इब्न सीना यांनी त्यासाठी नियम घालून दिले. औषध शुद्ध असावे, त्यात बाहेरचा गुण मिसळलेला नसावा. एकाच वेळी अनेक रोग झालेल्या माणसावर त्याची परीक्षा करू नये, कारण मग कशाचा परिणाम कशावर झाला हे कळत नाही. परस्परविरुद्ध प्रकारच्या दोन रोगांवर ते वापरून पाहावे. औषधाचे बळ रोगाच्या बळाला जुळणारे असावे. औषध दिल्यावर किती वेळाने गुण आला, तेही पाहावे. गुण एकदाच येऊन भागत नाही. तो नेहमी किंवा बहुतेक वेळा आला पाहिजे. शेवटचा नियम तर फार महत्त्वाचा आहे. माणसाच्या औषधाची परीक्षा माणसावरच झाली पाहिजे. सिंहावर किंवा घोड्यावर दिसलेला परिणाम माणसावर तसाच दिसेल असे नाही.

आज कोणतेही नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या अनेक टप्प्यांत चाचण्या घेतल्या जातात. त्या चाचण्यांची पद्धत पुष्कळ पुढे गेली आहे. पण औषध नीट तपासून घेतल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा विचार मात्र तोच आहे.

आता पाचवा खंड पाहू. तो उघडला तर तुम्हांला आपल्याच घरात आल्यासारखे वाटेल. त्यात माजून आहे, जवारिश आहे, सफूफ आहे, शरबत आहे, हब आहे, रोगन आणि मरहम आहे. हे शब्द तुम्ही हकिमांच्या दवाखान्यात ऐकले असतील. मराठीत सफूफला चूर्ण म्हणतात, हब म्हणजे गोळी, जोशांदा म्हणजे काढा आणि रोगन म्हणजे तेल. मरहमचे मराठीत मलम झाले आणि शरबतचे सरबत. अर्क, इलाज, दवाखाना हे शब्द तर मराठीने जसेच्या तसे घेतले आहेत.

एकाच औषधाची इतकी रूपे कशासाठी? इब्न सीना यांच्याकडे याचे उत्तर होते. काही द्रव्ये फार कडू असतात. मधात किंवा साखरेत कालवली तर रोगी ती घेऊ शकतो, शिवाय ती टिकतातही. काही द्रव्ये तीव्र असतात. दुसरे द्रव्य मिसळून त्यांची तीव्रता कमी करावी लागते. कातडीच्या रोगाला मलम हवे. घसा बसला असेल तर हळूहळू चाटण्याचे औषध हवे. म्हणजे औषधाचे रूप हे आवडीनिवडीवर ठरत नाही. औषध शरीरात कोठे आणि किती वेगाने पोहोचायला हवे, यावर ते ठरते.

आजच्या औषधांनाही हेच लागू आहे. गोळी, कॅप्सूल, पातळ औषध, थेंब, मलम, इंजेक्शन, नाकातोंडाने ओढून घ्यायचे औषध ही सारी वेगवेगळ्या कामांसाठी बनवलेली रूपे आहेत. काही गोळ्यांवर मुद्दाम कवच दिलेले असते. जठरात न विरघळता पुढे आतड्यात गेल्यावर ती विरघळावी, असा त्यामागे हेतू असतो. अशी गोळी कुटून किंवा चावून खाल्ली तर तो हेतू फसतो. कानात घालायचे थेंब डोळ्यांत घातले तर इजा होऊ शकते.

आणि मात्रा? इब्न सीना सांगतात की एकच मात्रा सर्वांना चालत नाही. रोग किती बळावला आहे, कोणत्या अवयवाला झाला आहे, रोग्याचे वय काय, ताकद किती, सवयी कोणत्या, ऋतू कोणता, देश कोणता, हे सारे पाहून हकिमाने प्रमाण ठरवावे. आपल्याकडील वैद्य आणि हकीम पूर्वी गुंज, मासा आणि तोळा या मापांनी औषधे मोजत. इब्न सीना यांच्या काळी दानक आणि दिरहम ही मापे होती. सहा दानकांचा एक दिरहम होत असे. हे माप लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

इब्न सीना यांचे सारेच म्हणणे आज खरे मानले जाते असे नाही. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस असतात आणि त्यांचा तोल बिघडला की रोग होतो, असे ते मानत. आजच्या आधुनिक वैद्यकाने ही कल्पना सोडून दिली आहे. त्यांच्या शिष्याने अशी एक हकिकत लिहून ठेवली आहे की ख्वारिझममधील एका क्षयरोगी स्त्रीला त्यांनी दुसरे कोणतेही औषध न देता केवळ गुलकंद खायला सांगितला आणि ती बरी झाली. आज कोणी क्षयरोग्याने असे करू नये. क्षयाचे जंतू मारणारी औषधे आज सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावी लागतात. जरा बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर रोग उलटतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही.

आपण पुन्हा इब्न सीना यांच्या जीवनाकडे वळू या. हमदानचे अमीर शम्सुद्दौला यांना पोटशूळाचा भयंकर त्रास होता. इब्न सीना यांनी त्यांना बरे केले. अमिरांनी त्यांना आपले वजीर नेमले. पण सैनिक त्यांच्यावर नाराज झाले. त्यांनी त्यांचे घर लुटले आणि त्यांना ठार मारावे अशी मागणी केली. अमिरांनी ती मानली नाही, पण त्यांना पदावरून दूर केले. चाळीस दिवस ते एका मित्राच्या घरी लपून राहिले. मग अमिरांचा पोटशूळ पुन्हा उसळला! हकिमांचा शोध सुरू झाला. अमिरांनी त्यांची क्षमा मागितली आणि वजिरी पुन्हा त्यांच्याकडे आली.

दिवसभर राज्यकारभार असे, म्हणून ते रात्री शिकवत. विद्यार्थी त्यांच्या घरी जमत. एक जण ‘शिफा’ या ग्रंथातील भाग वाची, तर दुसरा ‘कानून’मधील. ‘शिफा’ हा त्यांचा तत्त्वज्ञानावरील मोठा ग्रंथ. नावावरून तो औषधांचा वाटतो, पण तो बुद्धीला निरोगी करणारा ग्रंथ आहे.

शम्सुद्दौला वारल्यानंतर नव्या अमिराशी त्यांचे जमले नाही. फर्दजान नावाच्या किल्ल्यात त्यांना चार महिने कैदेत ठेवण्यात आले. कैदेतही त्यांनी ग्रंथ लिहिले. सुटका झाल्यावर काही काळाने ते, त्यांचा भाऊ, शिष्य जुझजानी आणि दोन सेवक सूफी फकिरांचा वेष घेऊन हमदानमधून निसटले आणि इस्फहानला पोहोचले. तेथील अमीर अलाउद्दौला यांनी त्यांचे मोठ्या सन्मानाने स्वागत केले. आयुष्यातील पुढची वर्षे त्यांनी तेथेच काढली.

आता या कथेतील सर्वांत दुःखद भाग सांगायचा आहे. तो काळजीपूर्वक वाचा.

ज्या पोटशूळातून इब्न सीना यांनी इतरांना बरे केले, तोच विकार त्यांना जडला. त्या वेळी ते अमिरांच्या सैन्याबरोबर होते. शत्रूच्या भीतीने सैन्याला घाईने माघार घ्यावी लागणार होती. आपण आजारी राहिलो तर मागे पडू, अशी त्यांना काळजी वाटली. लवकर बरे होण्यासाठी त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. बस्ती म्हणजे गुदद्वारातून आतड्यात सोडण्याचे पातळ औषध. त्यामुळे आतड्याला जखमा झाल्या. पाहा, मात्रा जाणणाऱ्या हकिमानेही घाईत मात्रा ओलांडली!

तशाच स्थितीत त्यांना प्रवास करावा लागला. या विकारापाठोपाठ येणारी आकडी त्यांना येऊ लागली. पोटातील वायू मोडावा म्हणून त्यांनी बस्तीच्या औषधात करफसच्या दोन दानक बिया घालायला सांगितल्या. औषध तयार करणाऱ्या वैद्याने दोन दानकांऐवजी पाच दिरहम बिया घातल्या. आता हिशोब करा. एक दिरहम म्हणजे सहा दानक. पाच दिरहम म्हणजे तीस दानक. दोनच्या जागी तीस! म्हणजे औषध पंधरा पट झाले. त्याच्या तिखटपणाने आतड्याच्या जखमा आणखी चिघळल्या. हे त्या वैद्याने जाणूनबुजून केले की त्याच्या हातून चूक झाली, हे जुझजानीला शेवटपर्यंत समजले नाही, कारण तो त्या वेळी तेथे नव्हता.

एवढ्यावरच भागले नाही. आकडीसाठी इब्न सीना एक संयुक्त औषध घेत असत. एका सेवकाने त्यात भरपूर अफू मिसळली आणि त्यांना खायला दिली. सेवकांनी त्यांच्या खजिन्यातून पुष्कळ पैसा चोरला होता. आपली चोरी उघडकीस येऊ नये म्हणून धनी मरावा, अशी त्यांची इच्छा होती.

इब्न सीना यांना पालखीतून इस्फहानला आणण्यात आले. त्यांनी स्वतःवर इलाज चालू ठेवला. ते थोडे हिंडूफिरू लागले, पण पूर्ण बरे झाले नाहीत. पुढे अमिरांबरोबर हमदानला जाताना वाटेतच दुखणे उलटले. हमदानला पोहोचल्यावर त्यांनी ओळखले की आता शरीरात रोगाशी लढण्याची ताकद उरली नाही. त्यांनी औषध बंद केले. आपल्या गुलामांना मुक्त केले. धन गरिबांना वाटले. ते कुरआनचे पठण करीत राहिले. इ. स. १०३७ मध्ये, हिजरी ४२८ च्या रमजान महिन्यात, त्यांनी जगाचा निरोप घेतला. हमदान येथे त्यांची कबर आहे. दूरदूरचे लोक आजही तेथे जातात.

त्यांच्या मृत्यूनंतर ‘कानून’ देशोदेशी पोहोचला. बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचे लॅटिन भाषेत भाषांतर केले. १५९३ साली रोम येथे त्याची मूळ अरबी प्रत छापली गेली. सतराव्या शतकापर्यंत युरोपातील विद्यापीठांत तो शिकवला जात होता. भारतात युनानी हकिमांच्या पिढ्यान्पिढ्या या ग्रंथावर घडल्या. मुंबई, पुणे, मालेगाव येथील युनानी वैद्यकाच्या महाविद्यालयांत इब्न सीना यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

मित्रांनो, इब्न सीना यांच्या शेवटच्या दुखण्यात काय काय चुकले ते पुन्हा पाहा. रोग्याने स्वतः घाई केली. औषध तयार करणाऱ्याने माप चुकवले. औषध देणाऱ्याने नको ते मिसळले. औषध ठरवणे, तयार करणे आणि रोग्याच्या हाती देणे, या तिन्ही जागी जागरूक माणूस लागतो. एक जरी जागा सुटली तरी रोगापेक्षा औषध भयंकर होऊन बसते. ही काळजी जुन्या काळापुरती नाही. औषधे देताना होणाऱ्या चुका कमी व्हाव्यात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली जगभर एक मोहीम सुरू केली. आजच्या परिचारिकांनाही पाच गोष्टी तपासायला शिकवतात: योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ.

तुमच्या घरी ही तपासणी कोण करणार? कदाचित तुम्हीच! दादी किंवा नाना तुमच्यापुढे औषधाची चिठ्ठी धरतात आणि काय लिहिले आहे ते विचारतात. दवाखान्यातील सूचना बहुधा मराठीत असतात आणि बाटलीवरील मजकूर इंग्रजीत असतो. तो समजून घेऊन घरच्यांना उर्दूत सांगणे हे तुमचे काम असते. तेव्हा चिठ्ठीवर रोग्याचे नाव आणि वय आहे ना, औषधाचे नाव, ते किती वेळा, जेवणापूर्वी की जेवणानंतर आणि किती दिवस घ्यायचे ते लिहिले आहे ना, हे पाहा. पाकिटावर १—०—१ असे लिहिले असेल तर सकाळी एक, दुपारी नाही आणि रात्री एक, असा त्याचा अर्थ होतो. अक्षर लागले नाही तर अंदाज करू नका. डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला पुन्हा विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

एक हिशोब करून पाहा. लहान मुलांचा ताप उतरवणारे पॅरासिटामॉल थेंबांच्या बाटलीत मिळते, तसेच मोठ्या बाटलीतही मिळते. काही थेंबांच्या बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. काही मोठ्या बाटल्यांत पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असते. मोठ्या बाटलीतील एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, सांगितले असताना कोणी थेंबांच्या बाटलीतील एक चमचा दिला तर बाळाच्या पोटात १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम औषध जाईल. चौपट! औषधाचे नाव तेच, रंगही कदाचित तोच. म्हणून नाव वाचून थांबू नका, त्याखालचे प्रमाणही वाचा. घरातील चमचे लहानमोठे असतात, म्हणून बाटलीबरोबर मिळालेल्या मापानेच औषध मोजा.

आणखी थोड्या गोष्टी ध्यानात ठेवा. मुदत संपलेले औषध घेऊ नका. हलवून घ्यायचे औषध न हलवता देऊ नका. शेजाऱ्याला ज्या गोळीने गुण आला, ती आपल्यालाही लागू पडेल असे समजू नका. औषधे लहान भावंडांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत अशी अनेक औषधे आहेत, ती दुकानदाराकडे परस्पर मागू नका. नीम हकीम खतरा-ए-जान ही म्हण तुम्हांला ठाऊकच आहे.

इब्न सीना यांनी राजे बरे केले, वजिरी केली, कैद भोगली आणि मोठमोठे ग्रंथ लिहिले. त्या ग्रंथांतील सारे काही आपल्याला समजेल असे नाही. पण औषध मोजून, पारखून आणि विचार करून द्यावे, एवढी त्यांची शिकवण तर प्रत्येकाला पाळता येईल. पुढच्या वेळी घरात कोणी तुमच्या हाती औषधाची बाटली देईल, तेव्हा ती उजेडात धरा आणि शांतपणे पूर्ण वाचा.

शब्दार्थ

आत्मसात करणे – पूर्णपणे शिकून घेणे
प्रमेय – भूमितीतील सिद्ध करायचे विधान
पालथे घालणे – सगळीकडे शोधणे, सर्व वाचून काढणे
ऐकीव – केवळ ऐकलेले
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे
पोटशूळ – पोटातील तीव्र कळ
आकडी – हातपाय ताठ होऊन येणारा झटका
दुखणे उलटणे – बरा होत आलेला आजार पुन्हा वाढणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) इब्न सीना यांचा जन्म कोठे झाला?
(२) हुसेन हिशोब कोणाकडे शिकला?
(३) इब्न सीना यांनी राजांकडे कोणती परवानगी मागितली?
(४) ‘कानून’ या ग्रंथाचे किती खंड आहेत?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(१) औषधाची परीक्षा करण्याचे कोणतेही चार नियम सांगा.
(२) एकाच औषधाची वेगवेगळी रूपे का असतात?
(३) इब्न सीना यांच्या शेवटच्या आजारपणात कोणत्या तीन चुका झाल्या?

प्र. ३. कारणे लिहा.
(१) कवच असलेली गोळी चावून खाऊ नये.
(२) औषध घरातील चमच्याने मोजू नये.

प्र. ४. पुढील उर्दू शब्दांसाठी पाठात आलेले मराठी शब्द लिहा.
खुराक, सफूफ, हब, जोशांदा, रोगन, मरहम

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
गुण येणे, दाद न देणे, नाद सोडणे, लागू पडणे

उपक्रम : घरातील एखाद्या औषधाच्या वेष्टनावरील मजकूर मोठ्या माणसांच्या मदतीने वाचा. औषधाचे नाव, स्वरूप, प्रमाण आणि वापरण्याची मुदत वहीत मराठीत लिहा.